ग्राहकाची चूक

सोमवार, ३ तारीख

आज सकाळपासून घरचा फोन बंद आहे आणि त्याच्यासोबत इंटरनेटही. दोन्ही एकाच तारेवरून घरात येतात, त्यामुळे गेले तेही जोडीनंच. रिसीव्हर कानाला लावला तर खरखरसुद्धा नाही.

मी घाबरलो नाही. माझा धंदाच हा. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप यांच्या खोक्यात जी पातळ पुस्तिका असते आणि जी कुणीही वाचत नाही, ती मी लिहितो. तिच्या शेवटच्या पानावर ‘यंत्र चालत नसल्यास काय कराल’ असा तक्ता असतो. त्या तक्त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बायकोला तसं म्हटलं. ती कॉलेजात शिकवायला निघाली होती. म्हणाली, “मग संध्याकाळपर्यंत होईल ना?” मी म्हटलं, “संध्याकाळ कशाला, जेवायच्या आत होईल.”

झालं नाही.

पंचाईत झाली ती सासूबाईंची. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडेच राहतात. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, दूरच्या शहरात एकट्या असतात. रोज दुपारी दोनला सासूबाई त्यांना फोन लावतात. “जेवलीस?” “जेवले.” एवढं झालं की दोघी आपापला रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवतात आणि आपापल्या कामाला लागतात, ते थेट चारपर्यंत. तिकडचा नळ इकडे ऐकू येतो, इकडचा खोकला तिकडे. मधूनच मावशींचा आवाज येतो, “ताई, डोळा लागला का गं?” दोन तासांत दहा वाक्यं झाली तर डोक्यावरून पाणी. मी याला मौनाचं थेट प्रक्षेपण म्हणतो. माझी लिहायची खोली शेजारीच आहे आणि दार उघडं असतं, त्यामुळे हे सगळं मला सोसावं लागतं. आज प्रथमच दुपारी घर शांत होतं. आता कामाचा फडशा पडेल.

मावशी बावीस तारखेला कायमच्या परदेशी, मुलाकडे चालल्या आहेत. घर विकलं. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे लोक गाढ झोपलेले असतात, तेव्हा हा कार्यक्रम तसाही बंदच व्हायचा होता. थोडा आधी झाला, इतकंच. सासूबाईंना मी हे नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो ना.” बाई समजूतदार आहेत.

मंगळवार, ४

मोबाईलवरून तक्रार केली. इंटरनेटवाल्या कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, मोडेम बंद करून पुन्हा चालू केलंत का?” हे वाक्य माझं आहे. मी ते पंख्यासाठी लिहिलंय, पंपासाठी लिहिलंय, एकदा तर इस्त्रीसाठीही लिहिलंय. आज पहिल्यांदाच ते मला कुणी ऐकवलं, आणि ते ऐकून माणसाला काय करावंसं वाटतं हे कळलं. इस्त्रीवाल्यांची माफी मागायला हवी.

मोडेम बंद केलं, चालू केलं. मुलगी म्हणाली, “मग सर, दोष तारेत असणार. तार आमची नाही, तारवाल्या कंपनीला फोन करा.” तारवाल्या कंपनीला फोन केला. तिथला गृहस्थ म्हणाला, “इंटरनेटपण बंद आहे ना? मग ते त्यांनी बघायचं.” मी म्हटलं, “अहो, फोनही बंद आहे.” तो म्हणाला, “कुठल्या फोनवरून बोलताय मग?”

बायकोला हा संवाद सांगितला तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सासूबाईंनी तेवढंच विचारलं, “बावीसच्या आत होईल ना?” मी म्हटलं, आई, माझ्यावर सोडा. ‘माझ्यावर सोडा’ असं मी म्हटलं की बायको दुसरीकडे बघते, तसं तिनं बघितलं.

गुरुवार, ६

स्वतः लक्ष घातलं. बाहेरच्या भिंतीवर एक पेटी आहे, तिच्यात तारांचं जंजाळ आहे. स्टुलावर चढलो, पेटी उघडली, एक गंजलेला जोड दिसला. तो कापला, तारा खरवडून पुन्हा पिळल्या, वर चिकटपट्टी. काम सुबक झालं. फोन तसाच राहिला. पण ठीक आहे, एक शक्यता तरी बाद झाली.

मग नवा फोन आणला. जुना खराब असेल म्हणून. नवाही तितकाच मुका. सासूबाई म्हणाल्या, “जुनाच लावा, त्याचा रिसीव्हर टेबलावर नीट बसतो.” बंद फोनचा रिसीव्हर नीट बसला काय अन् न बसला काय, पण त्यांचं मन राखलं.

शनिवार, ८

तारवाल्या कंपनीचा निरोप आला: ‘आमचा माणूस काल येऊन गेला. घर बंद होते. तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ घर बंद! सासूबाई काल दिवसभर घरात होत्या. मी फोन करून त्या लोकांना असं झापलं की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. खोटारडे म्हटलं, कामचुकार म्हटलं.

संध्याकाळी बायको दारात उभी राहून कडी वाजवत होती. “बेल का वाजत नाहीये रे?” बेल गुरुवारपासून वाजत नाही. मी जो गंजलेला जोड कापला तो बेलचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रार पुन्हा नोंदवली, या वेळी अतिशय नम्रपणे.

सासूबाईंची सोय मात्र मी आज करून टाकली. दोनच्या ठोक्याला माझ्या मोबाईलवरून मावशींना फोन लावून दिला. आवाज इतका स्वच्छ की मावशी खोलीतच बसल्यात असं वाटावं. सासूबाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला तर तो आपोआप काळा पडला, त्यांना वाटलं बंद झाला. मग हातातच धरून बसल्या. हातात धरला की बोलावं लागतं.

“मग, काय चाललंय?”

“काय चालणार? सामान काढतेय.”

“कुठपर्यंत आलं?”

“झालं बरंचसं. शिवणाचं मशीन देऊन टाकलं शेजारणीला.”

“आईचं मशीन?”

“मग कुणाचं? माझ्याकडे दुसरं कुठलं होतं?”

“मला विचारायचं तरी होतंस, धाकटे.”

“तू गेल्या कित्येक वर्षांत कधी नाव काढलंस त्याचं? खुबा मोडलाय तुझा, पायानं चालवणार होतीस का?”

त्यानंतर दोघींचा आवाज चढला. कुणी कुणाचं किती केलं इथपर्यंत गाडी गेली. शेवटी सासूबाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बंद करा हो हे.” मी बंद केला. एरवी दोन दोन तास एका शब्दानं न भांडणाऱ्या या बायका. मी माझ्या परीनं चांगलंच करायला गेलो होतो.

सोमवार, १०

मोबाईल पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, “नको. तिला कामं असतील.” मावशींकडूनही फोन आला नाही. सख्ख्या बहिणी, आणि एका मशीनवरून अबोला. मी मध्ये पडणार नाही असं ठरवलंय, कारण मी मध्ये पडलो की काय होतं ते बेलला विचारा.

माझं काम अडलंय. एका नव्या पंपाची पुस्तिका द्यायची आहे. दुपारी टेबलाशी बसतो आणि दोन ओळींच्या पुढे सरकत नाही. खुर्ची बदलून पाहिली. दार लावून पाहिलं, मग उघडून पाहिलं. इंटरनेट नसल्यामुळे हे होतंय हे उघड आहे. बायको म्हणाली, “पण तू कागदावर लिहितोस. त्याला इंटरनेट कशाला लागतं?” तिला या कामातलं कळत नाही. उद्यापासून दुपारी वाचनालयात जाऊन बसणार.

बुधवार, १२

वाचनालय छान आहे. शांत आहे. तिथंही दोन ओळींच्या पुढे गेलो नाही.

साडेतीनला तारवाल्या कंपनीचा निरोप: ‘आपल्या लाईनची तपासणी केली. रिसीव्हर जागेवर ठेवलेला नाही. दोष ग्राहकाकडील. तक्रार बंद.’ वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून फोन केला. म्हटलं, रिसीव्हर जागेवर आहे, मी स्वतः ठेवलाय. तिथली बाई म्हणाली, “सर, मशीन खोटं बोलत नाही.” म्हणजे मी बोलतो. नवी तक्रार नोंदवली.

घरी येऊन पाहिलं. रिसीव्हर अगदी जागेवर होता. सासूबाई फोनशेजारच्या खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या, टेबलावर सालं पडली होती. म्हटलं, “आई, खिडकीशी बसा, उजेड चांगला आहे.” तर म्हणाल्या, “इथंच बरं.”

शुक्रवार, १४

पुन्हा तेच. दुपारी तपासणी, रिसीव्हर जागेवर नाही, ग्राहकाची चूक, तक्रार बंद. आता मी चिडत नाही. मला खात्री झाली आहे की ही दोन्ही कंपन्यांची मिलीभगत आहे. तपासणी वगैरे कुणी करत नाही, चहा पिऊन झाला की एक छापील निरोप पाठवतात. मी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. ते मात्र सलग चार पानं लिहून झालं, म्हणजे हात शाबूत आहे.

आज एक चांगलं काम करावं म्हणून वाचनालयातूनच मावशींच्या घरी फोन लावला. म्हणणार होतो, मोठ्या बहिणीला एक फोन करा, जाण्याआधी तोंड गोड करा. अडीच वाजले होते. फोन एंगेज. पावणेतीनला एंगेज. साडेतीनलाही एंगेज. त्यांचा मोबाईल नंबर माझ्याकडे नाही, त्या तो वापरतही नाहीत.

मंगळवार, १८

काल आणि आज दोन्ही दिवस मावशींना फोन लावला. दुपारभर एंगेज. माणसाचं मन किती लवकर बदलतं बघा. इथं मोठी बहीण झुरतेय, आणि धाकटीनं दुपारी गप्पा मारायला दुसरं कुणी शोधलंसुद्धा. तासन्‌तास बोलणारं कुणीतरी दिसतंय. सासूबाईंना हे सांगितलं नाही, उगाच वाईट वाटेल. बायकोलाही नाही. काही गोष्टी पुरुषानं पोटात ठेवायच्या असतात.

सासूबाई अलीकडे कमी जेवतात. बायको म्हणते, “आई खचलीय रे. शनिवारी मावशी जाणार, आता दोघींची भेट कुठली व्हायला?” मी म्हटलं, गाडी करून नेऊ या का? डॉक्टरांना विचारलं. एवढा प्रवास या खुब्याला झेपणार नाही म्हणाले.

बुधवार, १९

आज जे झालं ते लिहायला लाज वाटतेय, पण दैनंदिनीत खोटं लिहून फसवायचं कुणाला?

वाचनालय कसल्याशा मोजणीसाठी बंद होतं. अडीचलाच घरी परतलो. बेल अजून दुरुस्त केलेली नाही, म्हणून किल्लीनं दार उघडलं. सासूबाई फोनशेजारी बसून भाजी निवडत होत्या. रिसीव्हर टेबलावर आडवा. रोजच्या जागी, रोजच्यासारखा.

मी ओरडलोच. “आई! तुम्ही काढून ठेवता हा? रोज?”

त्या दचकल्या. “दोन ते चार फक्त. मग जागेवर ठेवते की.”

“अहो, पण फोन बंद आहे ना!”

“मला ठाऊक आहे बंद आहे ते. बहिरी नाहीये मी.”

“मग कशाला?”

त्या देठं एका बाजूला करत राहिल्या. मी मात्र सुटलोच. दहा दिवस मी लोकांशी भांडतोय, त्या बाईला खोटी ठरवली, संपादकांना चार पानं लिहिली, आणि कंपनी दुपारी तपासणी करते तेव्हा रिसीव्हर खरंच बाहेर! ज्या तक्त्यांवर माझं पोट चालतं त्यांत पहिलीच ओळ असते: सर्व भाग जागेवर आहेत याची खात्री करा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “तीही तिकडे असाच काढून ठेवत असेल. तशी सवय आहे आम्हाला. दोघींपैकी एकीनं ठेवला आणि दुसरीनं नाही, असं कसं चालेल?”

“पण तुमचा तर अबोला आहे.”

“भांडण बोलण्यातलं होतं हो,” त्या म्हणाल्या. “हे वेगळं.”

मी खुर्चीवर बसलो. शुक्रवारपासूनचा तो एंगेज टोन डोक्यात वाजायला लागला. तासन्‌तास बोलणारं ते कुणीतरी. मी म्हटलं, “आई, मी मावशींना फोन करत होतो. दुपारी. रोज एंगेज लागतो. दोन ते चार.”

त्यांचा हात थांबला. मग पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं, आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मग आता असे बसलात काय? लावा त्या कंपनीला फोन. मी ठेवते खाली.”

रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. मी तारवाल्या कंपनीतल्या बाईला फोन करून सांगितलं की मशीन खरं बोलत होतं. ती म्हणाली, “सर, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.”

शुक्रवार, २१

काल दुपारी आम्ही दोघं फोनसमोर राखण करत बसलो. सासूबाई मध्ये मध्ये हात उचलायच्या आणि मांडीवर ठेवायच्या. चार वाजता निरोप आला: ‘दोष कंपनीकडील. दुरुस्ती होईल.’ परीक्षेत पास झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आज संध्याकाळी रिसीव्हर उचलला तर टोन. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रातलं एक कार्ड जळालं होतं, ते बदललं म्हणे. म्हणजे घरात दोष नव्हताच. मी पेटी उघडली, जोड कापला, नवा फोन आणला, ते सगळं निव्वळ घरच्यांची करमणूक म्हणून. इंटरनेटही धो धो वाहतंय. बायको म्हणाली, “लाव ना लगेच मावशीला.” सासूबाई म्हणाल्या, “आत्ता नको. उद्या दोनला लावते.”

“अगं, उद्या तीनला ती निघणार!”

“मग तास आहे की.”

शनिवार, २२

दोन वाजता सासूबाईंनी नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला उचलला.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

“जेवले.”

झालं. रिसीव्हर टेबलावर. मशीनचा विषय नाही, अबोल्याचा नाही, प्रवासाचा नाही. सासूबाईंनी टोपलीतले कपडे घड्या करायला घेतले. मी माझ्या खोलीत टेबलाशी बसलो. तिकडून सामान ओढल्याचे आवाज येत होते, मावशींना न्यायला आलेला मुलगा कुणाला तरी ‘जपून’ म्हणत होता, घर रिकामं झाल्यामुळे सगळंच घुमत होतं. मावशींनी भांडं विसळलं. कपाटाचं दार करकरलं. मी पंपाची पुस्तिका पुढे ओढली आणि मान वर केली तेव्हा सहा पानं झाली होती. म्हणजे इंटरनेट नव्हतं म्हणूनच काम अडलं होतं, हे सिद्ध झालं. बायको दारात उभी होती. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “इंटरनेटच. दुसरं काय असणार?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. का ते कळलं नाही.

तीनला काही मिनिटं असताना तिकडे मुलाचा आवाज आला, “आई, गाडी आलीय. फोन ठेव आता.”

“तू हो पुढं,” मावशी म्हणाल्या. मग अगदी जवळून, “ताई.”

“गं.”

“डोळा लागला का?”

“नाही गं. जागी आहे.”

“बरं.”

मग चपलांचा आवाज, दार ओढल्याचा, कुलपाचा. रिसीव्हर मावशींनी ठेवलाच नव्हता. तिकडचं रिकामं घर तेवढं इकडे ऐकू येत राहिलं. लांब कुठंतरी एक गाडी सुरू झाली आणि गेली. सासूबाईंच्या हातात एक उशीचा अभ्रा होता, त्याची घडी त्या घालत होत्या आणि मोडत होत्या.

माझा मोबाईल वाजला. तारवाली कंपनी. मी बाहेर जाऊन घेतला.

“सर, दुरुस्तीनंतरची शेवटची तपासणी करायची आहे. तुमचा रिसीव्हर बाहेर दिसतोय. जागेवर ठेवता का?”

मी आत बघितलं. सासूबाई खुर्ची ओढून टेबलाच्या आणखी जवळ सरकल्या होत्या.

“नाही,” मी म्हटलं.

“सर, नाही ठेवलात तर तपासणी होणार नाही. तक्रार ग्राहकाची चूक म्हणून बंद करावी लागेल.”

“तसंच लिहा,” मी म्हटलं, आणि आत जाऊन त्यांच्याशेजारी बसलो.